मदत हवी आहे : जपानच्या परकीय मदतीचा पीअर रिव्ह्यू कसा वाचायचा?

मंडळी, मी बडोद्याची, सयाजीराव विद्यापीठात एम.ए. करतेय. सेमिनारला ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) डॅक समितीने, म्हणजे मदत देणाऱ्या देशांच्या समितीने, २०२० मध्ये केलेला जपानचा पीअर रिव्ह्यू घेतलाय.

पद्धत समजली. दोन सदस्य देश परीक्षक होतात, सचिवालयाच्या लोकांबरोबर देणाऱ्याच्या राजधानीत आणि घेणाऱ्या देशातही जाऊन विचारपूस करतात, मग पॅरिसला बैठक. दंड वगैरे नाही, नुसत्या शिफारशी. भावकीनेच भावकीचा हिशेब तपासावा तसं! (तरी देश मनावर घेतात म्हणे.)

अडलंय ते कर्जापाशी. आमच्या बडोद्यातून जाणारी बुलेट ट्रेन ०.१ टक्का व्याजाच्या, ५० वर्षं मुदतीच्या जपानी कर्जावर उभी राहतेय. २०१८ च्या आकड्यांपासून अशा कर्जाचा फक्त अनुदानाइतका भाग (सवलतीमुळे जेवढी रक्कम फुकट दिल्यासारखी होते तेवढाच) मदत म्हणून धरतात. मग देणाऱ्या देशाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी या उद्दिष्टाशी ताळा घालताना आधीच्या वर्षांशी तुलना कशी करायची? शिवाय तंत्रज्ञान तिकडचंच घ्यायचं, ही अट परीक्षक कशी मोजतात?

विकास क्षेत्रात काम केलेलं कुणी आहे का? गुरुवारी सादरीकरण आहे, आणि आमच्या बाई आकड्यांवरच धरतात.