वनराज भाटिया म्हणजे फक्त 'मेरो गाम' आणि 'भारत एक खोज' का?

गच्चीवरचा रेडिओ

परवा जेवताना यूट्यूबवर दुधाची ती जुनी जाहिरात लागली, 'मेरो गाम काठा पारे'वाली. मी सहज म्हटलं, संगीतकार वनराज भाटिया. भाचा म्हणाला कोण? मग दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज' मालिकेचं टायटल गुणगुणलं, तर म्हणे हां हां ते 'सृष्टि से पहले' होय. आणि विषय संपला. त्याचं वय एकोणीस, त्याला माफ आहे. पण आपल्या वयाची मंडळीसुद्धा या दोन तुकड्यांवर अख्खा माणूस निकालात काढतात, त्याची चिडचिड होते म्हणून हा धागा.

माणूस मुंबईचा, जन्म १९२७चा. गाणं शिकला देवधरांच्या स्कूलमध्ये, तेच गिरगावातलं, जिथे कुमार गंधर्व घडले. मग लंडनची रॉयल अकॅडमी, मग पॅरिसला नादिया बुलांजें या नामवंत संगीतशिक्षिकेकडे काही वर्षं. परत येऊन दिल्ली विद्यापीठात पाश्चात्य संगीत शिकवलं, शिवाय जाहिरातींच्या जिंगल्स, त्या किती केल्या याला गणती नाही, लिरिलचं ते 'ला लाला ला'पण यांचंच. सिनेमा त्यानंतर, १९७४च्या 'अंकुर'पासून.

माझं म्हणणं एवढंच की 'मेरो गाम' ऐकून त्यांची ताकद कळत नाही, 'भूमिका' (१९७७) ऐकून कळते. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरचा सिनेमा, नायिकाच सिनेमातली नटी, त्यामुळे गाणी नुसती चांगली असून भागत नाही, ती त्या त्या काळातली वाटली पाहिजेत. 'तुम्हारे बिन जी ना लागे घर में' ऐका. मी कॉलेजात असताना हे जुन्या कुठल्यातरी सिनेमातलं उचललेलं गाणं आहे असं समजून चाललो होतो, पैज हरलो त्यावर. जुन्या गाण्यात व्हायोलिनं कशी चालीच्या मागे मागे एकसुरात जातात, हार्मनीची भानगड नाही, आवाज पुढे, ठेका साधा. पॅरिसमध्ये फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांनी पाठोपाठ उचलायची तो पाश्चात्य प्रकार) घोटून आलेल्या माणसाने ते सगळं शिक्षण खुंटीला टांगून असं गाणं करायचं म्हणजे खायचं काम नाही राव. आणि गंमत म्हणजे जितकं चांगलं जमलं तितकं त्यांचं नाव कमी दिसलं.

तर मंडळी, तुम्हाला काय वाटतं?

स्पष्ट बोलणारा

धागा छान पण मुद्दा पटला नाही. हल्ली एक फॅशन आलीये, जे सगळ्यांना आवडतं ते बाजूला ठेवायचं आणि कोपऱ्यातलं काहीतरी काढून म्हणायचं 'खरं काम तर हे'. प्रसिद्ध गोष्ट प्रसिद्ध का होते याचा पण विचार करा की. 'भारत एक खोज'चं टायटल घ्या. आधी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त संस्कृतात, मग वसंत देवांचं हिंदी, आणि ते म्हणताना कोरस एका सुरात राहत नाही, आवाजावर आवाज चढत जातात, चर्चमधल्या कॉयरसारखे, तरीही मंत्र मंत्रच वाटतो. तुम्ही वर देवधर स्कूल ते पॅरिस जी यादी दिलीत ना, ती सगळी त्या दोन मिनिटांत आहे. रविवारी सकाळी पोहे खाता खाता अख्ख्या देशाने ऐकलं, त्रेपन्न भाग. मग अजून कोपरे कशाला धुंडाळायचे?

पाटलांचा नातू

+१. आणि 'मेरो गाम' बद्दल असं नाक मुरडून बोलू नका बरं का. 'मंथन'ला पाच लाख शेतकऱ्यांनी दोन दोन रुपये घातले होते, त्या सिनेमाचं गाणं आहे ते. प्रीती सागरला त्यावर फिल्मफेअर मिळालं. आमच्या आजोबांचं डेअरीत खातं होतं, गुजरातीतला शब्द कळायचा नाही पण म्हणायचे रोज, धार काढताना.

गच्चीवरचा रेडिओ

अहो नाक कुठे मुरडलं! आजोबांची धार आणि 'मेरो गाम' दोन्हीला साष्टांग. माझं भांडण गाण्याशी नाही, तिथेच थांबण्याशी आहे. @स्पष्ट, तुमचा टायटलचा मुद्दा भारी आहे, खरंच, असा विचार केला नव्हता. पण सगळं त्या दोन मिनिटांत आहे हे कसं मान्य करू? त्याच वर्षी, १९८८ला, 'तमस' आलं. गोविंद निहलानींचं, फाळणीवरचं. त्याच्या सुरुवातीची ती किंकाळी आठवते? ती चाल नाही, गुणगुणता येत नाही, कुणी रिंगटोन म्हणून लावणार नाही. आमच्याकडे आई टीव्हीचा आवाज बारीक करायची त्या वेळी, नको म्हणायची ते. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच्यासाठी मिळालाय, सूक्तासाठी नाही.

स्पष्ट बोलणारा

पुरस्कार हा काही पुरावा नाही हो, पुरस्कार कोणाकोणाला मिळालेत ते बघितलंय आपण. आणि तुम्हीच म्हणताय गुणगुणता येत नाही. पार्श्वसंगीत ही सुटी काढून ऐकायची वस्तूच नाही, ती सिनेमाबरोबर जगते. किंकाळी ऐकून तुमच्या आईला जे झालं ते निहलानींचं, मूळ कादंबरी लिहिणाऱ्या भीष्म साहनींचं आणि भाटियांचं मिळून झालं. त्यातून भाटियांचा वाटा वेगळा काढून आरती ओवाळायची म्हणजे मिसळीतला रस्सा गाळून वाटीत घेण्यासारखं आहे.

सुरपेटी

रस्सा वाटीत घेतातच की, एक्स्ट्रा मागून 😀

मला इथे 'सरदारी बेगम' (१९९६) आणायचंय. मी ठाण्यात गाण्याच्या क्लासला जाते, दर होळीला कोणीतरी 'मोरे कान्हा जो आए पलट के' म्हणतंच. मागच्या वर्षी एका मुलीने म्हटली, छान म्हटली, आणि सांगताना म्हणाली 'ही पारंपरिक होरी'. मी तिला हळूच म्हटलं अगं शब्द जावेद अख्तरांचे, चाल वनराज भाटियांची, गायल्यात आपल्या आरतीताई अंकलीकर. तिला खरंच वाटेना, म्हणाली बनारसची असेल ना ताई. ज्या माणसाची चाल इतक्या लवकर 'पारंपरिक' होऊन बसते त्याला अजून कसली पावती पाहिजे? पण नाव मात्र गायब. म्हणून मला धागाकर्त्यांचं पटतं.

तीनताल

सुरपेटीताई, इथेच मला थोडं अडतं. ठुमरी-होरीत चाल म्हणजे नेमकं काय? मुखडा, चालीचा ढाचा, राग. त्यापुढचं सगळं, शब्द कसा वळवायचा, 'पलट के' वर कुठे थांबायचं, कुठली जागा घ्यायची, हे गायिकेचं. मी साथीला बसतो म्हणून सांगतो, कागदावर जे असतं ते आणि जे ऐकू येतं त्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. मग ते भाटियांच्या खात्यात किती आणि आरतीताईंच्या खात्यात किती? सिंफनी लिहिणाऱ्याला आपण श्रेय देतो कारण प्रत्येक सूर त्याने लिहिलेला असतो, तो हिशेब इथे लावता येत नाही. त्यांची जाण नाही असं अजिबात म्हणत नाहीये.

गच्चीवरचा रेडिओ

तीनताल, बरोबर आहे तुमचं, मी एवढा बारकाईने विचार केला नव्हता. तरी एक म्हणेन, ढाचा असा देणं की गायिकेला मोकळं फिरता यावं हे पण कामच आहे. सगळं लिहून काढायची सवय असलेल्या माणसाला कुठे लिहायचं नाही हे कळणं अवघड असतं. हे मी ऐकून म्हणतोय, कागद मी पण बघितलेला नाही.

आणि गोव्याच्या मंडळींसाठी: 'त्रिकाल' (१९८५). पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दिवसांतलं घर, लोटलीत चित्रीकरण, गायक रेमो फर्नांडिस त्यात आहे. 'भूमिका', 'त्रिकाल', 'सरदारी बेगम' तीन दिवस पाठोपाठ बघा आणि सांगा एकाच माणसाचं संगीत आहे का.

स्पष्ट बोलणारा

हाच तर प्रॉब्लेम आहे! तीन सिनेमे, तीन वेगळी माणसं वाटतात. मदनमोहन दोन ओळींत ओळखू येतो. भाटियांची सही कुठे आहे? प्रत्येक ठिकाणी जे मागितलं ते उत्तम करून देणं ही कारागिरी झाली, मोठी कारागिरी, मान्य. पण जिथे ते स्वतः दिसतात ते 'भारत एक खोज'मध्येच. म्हणून लोक तेच लक्षात ठेवतात. लोक येडे नाहीत.

सुरपेटी

सही दिसलीच पाहिजे असं कोणी ठरवलं? नटाला आपण म्हणतो 'भूमिकेत विरघळला' आणि टाळ्या वाजवतो. संगीतकार विरघळला की म्हणायचं सही नाही.

पाटलांचा नातू

थांबा थांबा, आत्ता शोधताना दिसलं, 'दामिनी'चं पार्श्वसंगीत यांचं आहे?? तारीख पे तारीख वालं?? 'अजूबा'चं पण???

तीनताल

हो. 'दामिनी'ची गाणी नदीम-श्रवणची, मागचं यांचं. नव्वदीत त्यांनी असं बरंच केलं.

स्पष्ट बोलणारा

घ्या. आता 'अजूबा' पण अजरामर म्हणायचा का रेडिओभाऊ?

गच्चीवरचा रेडिओ

नाही म्हणणार. 'अजूबा' मी परत बघू शकत नाही, कोणी पैसे दिले तरी. पण माणसाचं सगळं काम बघायचं म्हणजे भाकरीसाठी केलेलं पण बघायचं ना, नाहीतर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय, तुम्ही दोन तुकडे निवडता मी दहा. आणि भाकरीचं म्हणाल तर शेवटी शेवटी तीही अवघड झाली होती, २०१९ला पेपरात आलं होतं की घरातल्या वस्तू विकून भागवतायत. 'मेरो गाम' तेव्हाही वाजत होतंच. म्हातारपणी हा माणूस काय करत होता, तर गिरीश कर्नाडांच्या 'अग्नि मत्तु मळे' नाटकावर 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहीत होता. इंग्रजी ऑपेरा, महाभारतातल्या गोष्टीवर, मुंबईत बसून. कोणी मागितला होता? @स्पष्ट, सही शोधायची तर तिथे शोधा.

स्पष्ट बोलणारा

शोधतो, पण ऐकायला मिळणार कुठे ते सांगा. न सापडणाऱ्या गोष्टीवर वाद जिंकणं सोपं असतं 🙂

गच्चीवरचा रेडिओ

हे मात्र लागलं. पूर्ण कुठे मिळत नाही मलाही.

(अपडेट: काल रात्री भाच्याला बसवून 'जाने भी दो यारो' दाखवला, संगीत भाटियांचंच. पोट धरून हसला. संपल्यावर विचारलं संगीत कसं वाटलं, तर म्हणे "संगीत होतं? ते 'हम होंगे कामयाब' सोडून काही आठवत नाही मामा." आणि ते तर भाटियांचं नाहीच.)

स्पष्ट बोलणारा

भाच्याला माझ्याकडून एक वडापाव.