मदत हवी आहे: शाळेच्या मासिक पत्रकातले फोटो झेरॉक्सवर काळे येतात
यावल तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. पत्रक ए-फोर, पाठपोट: पुढे बातम्या, मागे पुढच्या महिन्याचे उपक्रम. व्हॉट्सॲपवर पीडीएफ जाते, पण केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बऱ्याच पालकांकडे साधाच फोन, म्हणून छापील प्रत लागतेच. अक्षरं स्वच्छ येतात. परसबागेचे, बालसभेचे फोटो मात्र काळेठिक्कर, चेहरेच ओळखू येत नाहीत. ब्राइटनेस वाढवून पाहिला, मशीनवर फोटो मोड लावला, मूळ प्रत लेझर प्रिंटरवर काढली. फरक थोडाच. मुलांनी काळ्या पेनाने काढलेली चित्रं छान उठतात, पण पालकांना आपलं पोर दिसायला हवं ना! रंगीत छपाई परवडत नाही. फोटोला आधीच हाफटोन ठिपके पाडले (म्हणजे करड्या छटांच्या जागी लहानमोठे काळे ठिपके) तर झेरॉक्ससाठी इंचाला ठिपक्यांच्या किती रेषा ठेवाव्यात, आणि हे मोबाईलवर कोणत्या ॲपने जमेल?