बार्साच्या (बार्सिलोना) यमालला आत्ताच एवढं खेळवतायत, त्याचाही दुखापतींत अडकलेला अन्सू फाती होणार का?

दीडचा_किकऑफ
मेस्सी गेल्यावर मी दोनेक वर्षं बार्सा बघायचंच सोडलेलं, परत बघायला लागलो ते या पोरामुळं आणि आता त्याचंच टेन्शन. जन्म जुलै २००७ चा, बेटिसविरुद्ध पहिली मॅच खेळला तेव्हा १५ वर्षं २९० दिवसांचा, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आधीच बार्साकडून शंभरच्या वर मॅचेस. शंभरावी म्हणजे चॅम्पियन्स लीगमधली इंटरविरुद्धची ती ३-३ वाली सेमी, त्यातल्या त्याच्या गोलला मी एवढा ओरडलो की आई उठून बाहेर आली, तिला वाटलं घरात कोण घुसलं.
आणि आता ही जांघेची दुखापत. सप्टेंबर २०२५ ला बार्साचा कोच फ्लिक उघड बोलला की स्पेनने पेनकिलर देऊन खेळवलं. नोव्हेंबरात क्लबने उपचार करून घेतले तर स्पेनचं फेडरेशन चिडलं की आम्हाला आधी का नाही सांगितलं. भांडण या दोघांचं, दुखतंय पोराचं. त्यात मेस्सीनंतर १० नंबर अन्सूला दिलेला, आता तोच याच्या पाठीवर. मी उगाच घाबरतोय का?

ऑफसाईड_काका
नंबरबिंबर सोडा हो, अन्सूचा गुडघा १० नंबर मिळायच्या आधीच गेला होता. नोव्हेंबर २०२० ला बेटिसविरुद्धच मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटला, मग ऑपरेशनवर ऑपरेशन. सप्टेंबर २०२१ ला परत आला, लेवान्तेविरुद्ध शेवटची काही मिनिटं उतरला आणि गोल मारला, तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. पुढं मांडी धरली, परत धरली, मग ब्रायटन क्लब, २०२५ ला मोनॅको. त्याचं सगळं एका गुडघ्यापासून सुरू झालं, यमालचं हळूहळू साचत आलेलं दुखणं आहे. तुम्हाला तुलनाच करायची तर बार्साच्याच पेद्रीशी करा. २०२०-२१ ला क्लब, युरो आणि ऑलिम्पिक धरून ७३ मॅचेस खेळवल्या त्याला, १८ वर्षांच्या पोराला! पुढची दोन-तीन वर्षं मांडीच्या दुखापतीतच गेली. पण आज बघा कसा खेळतोय, म्हणजे वेळेत आवरलं तर माणूस परत उभा राहतो.

पेठेतला_विंगर
भावा हे जांघेचं दुखणं मला इचार. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळायचो, मी पण राईट विंगला आणि पाय डावा, म्हणजे बॉल घेतला की आत वळायचंच. सतराव्या वर्षी दोन वयोगटात खेळवायचे, सकाळी एक मॅच संध्याकाळी दुसरी. आधी नुसतं मॅचनंतर दुखायचं, आम्ही म्हणायचो नस धरली, बाम लावायचा आणि झोपायचं. मग एक दिवस सकाळी कॉटवरून पाय खाली सोडताना कळ आली, शिंकलं तरी कळ. आणि गंमत म्हणजे सरळ पळताना लै काय वाटत न्हाई, खरी कळ येते ती आत वळून डाव्यानं बॉल हाणताना, म्हणजे विंगरचं जे कामच हाय तिथंच. कोच म्हणाले गोळी घे आणि उतर, घेतली, उतरलो. फायनल जिंकली आणि पुढचे आठ महिने जिना धरून चढलो. त्यामुळं फ्लिक गोळ्यांवरनं तापला तेव्हा मला तरी पटलं, जरी फ्लिक स्वतः बी त्याला बाहेर बसवायला लै तयार नसतो.

मडगावची_मुलगी
पेठेतल्या दादा, वाचतानाच जांघ दुखली.
मला वाटतं त्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे, तो नुसता पळण्यावर जगणारा विंगर नाहीये. फ्रान्सविरुद्धचा २०२४ च्या युरोचा गोल परत बघा. समोर फ्रान्सचा राबियो उभा, ज्यानं आदल्या दिवशीच सुनावलेलं की फायनल खेळायची तर याला अजून बरंच काही दाखवावं लागेल. यमाल जवळजवळ थांबतो, बॉल जरासा डावीकडे सरकवतो आणि लांबूनच वळवून मारतो, पोस्टच्या आतल्या बाजूला लागून आत. धाव अशी नाहीच त्यात. तसंच ते डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं दिलेले पास. वेग थोडा कमी झाला तरी हे राहणार. आणि त्या युरोत पोरगा हॉटेलवर अभ्यास करत होता हं, आपल्याकडची दहावीच म्हणा, पास पण झाला 😄
(विषय सोडून: आमच्या एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसनं फातोर्ड्याच्या मैदानावर रोनाल्डोच्या अल नास्रला मारलेला गोल कोणी बघितला की नाही? रोनाल्डो आलाच नाही त्याचा राग अजून आहे.)

ऑफसाईड_काका
ब्रायसनचा बघितला, छानच. पण पायाइतकंच डोक्याचंही बघा. बार्साचाच बोयान आठवतोय का? सतराव्या वर्षी पुढचा मेस्सी म्हणून डोक्यावर घेतलेला, आणि २००८ च्या युरोला गेला नाही. तेव्हा लोक वाटेल ते बोलले, खरं कारण घबराटीचे झटके होते, ते त्यानं स्वतः बऱ्याच वर्षांनी सांगितलं. यमालचं सगळं वेगळं दिसतं, गोल मारून बोटांनी ३०४ काढतो, मातारोतल्या त्याच्या रोकाफोंदा वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे आकडे. घर विसरला नाही एवढं तरी दिसतंय. बाकी २०३१ पर्यंत करार आहे, क्लबनं एक मॅच कमी खेळवली तर काय बिघडतं?

दीडचा_किकऑफ
सगळ्यांना थँक्स, पेठेतल्या दादाचं वाचून तर रविवारची मॅच बघताना माझं लक्ष बॉलवर कमी आणि त्याच्या जांघेवर जास्त असणार. सत्तराव्या मिनिटाला फ्लिकनं बाहेर काढलं तर पहिल्यांदाच मी शिव्या देणार नाही. दोन गोलनं पुढं असू तरच, एकच असेल तर बघू.