पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'

अनेकांना वाटतं, अंगठा वर केला की जगात कुठेही 'मस्त' असंच समजतात. पाण्याखाली मात्र नाही हं! स्कूबा डायव्हिंगमध्ये उंचावलेला अंगठा म्हणजे 'वर चला, डाइव्ह संपवू'. मालवण-तारकर्लीला जाणाऱ्यांनी हे आधीच डोक्यात बसवावं, नाहीतर मासे बघून खूश होऊन अंगठा दाखवाल आणि इन्स्ट्रक्टर थेट वर घेऊन येईल.

'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, बाकी तीन बोटं ताठ. गंमत म्हणजे प्रश्न आणि उत्तर, दोन्हीला हीच खूण. इन्स्ट्रक्टरने गोल दाखवला की तुम्ही गोल दाखवायचाच. नुसती मान हलवलेली चालत नाही. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे डोलवायचा, मग त्रास कुठे आहे तिकडे बोट. नवख्यांचं बोट बहुतेक वेळा कानाकडेच जातं, कारण पहिल्या काही मीटरमध्येच दाब जाणवतो.

आणि वर आल्यावर बोटीवरच्या मंडळींना उत्साहाने हात हलवू नका. ती मदतीची हाक समजतात.