बुलेट ५००ला वाइडबँड लावावा, की कंपनीच्या ओटू (ऑक्सिजन) सेन्सरवरच भागवावं?

हायवेकर
गाडी क्लासिक ५००, २०१४ची, ईएफआय (कार्ब्युरेटर नाही, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन). फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला, मोकळा एअर फिल्टर टाकला, पिगीबॅकही (ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जोडून पेट्रोल कमीजास्त करणारा डबा) बसवला. पण त्यातला मॅप (कुठे किती पेट्रोल द्यायचं तो तक्ता) दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा आहे. आता थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात आणि घाट चढताना इंजिन फार तापतं. गॅरेजवाला म्हणतो, कंपनीचा नॅरोबँड, म्हणजे साधा ओटू सेन्सर, आहे ना, त्याचं व्होल्टेज बघून ट्यून करून देतो. मित्र म्हणतो, वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा देणारा सेन्सर, नसेल तर मॅपला हातच लावू नकोस. किटची किंमत पाच आकडी. माझं मत सांगतो: ऑफिस आणि महिन्यातून एक कोकण, एवढ्यासाठी ही चैन आहे. खोडून काढा.

लॅम्डाराव
खोडतो. नॅरोबँडला एकच प्रश्न विचारता येतो: मिश्रण १४.७च्या (एक भाग पेट्रोलला वजनाने इतके भाग हवा) अलीकडे की पलीकडे? लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९च्या आसपास, आणि मधे ०.४५पाशी एकदम उडी. त्याचं कामच तेवढं आहे. बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेतल्या गाड्यांसाठी हा सेन्सर आणला तो धूर स्वच्छ करायला, ट्यूनिंगला नव्हे. पुढे थ्री-वे कॅटला (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला) मिश्रण लॅम्डा १, म्हणजे आदर्श प्रमाणा, भोवतीच हवं असतं म्हणून तो घरोघरी पोचला.

तुम्हाला फुल थ्रॉटलला हवंय साधारण १२.५ ते १३. तिथे नॅरोबँड ०.८५-०.९ दाखवणार, आणि तोही आकडा एक्झॉस्टच्या तापमानाबरोबर हलणार. ०.८८ म्हणजे साडेबारा की साडेतेरा, हे गॅरेजवाल्याने छातीवर हात ठेवून सांगावं.

वाइडबँडच्या पोटात खरं तर नॅरोबँडच असतो. त्याच्या जोडीला एक पंप सेल. आतल्या छोट्या पोकळीत ऑक्सिजन ढकलून किंवा ओढून तो ते ०.४५ व्होल्ट कायम राखतो. त्यासाठी किती करंट लागला, त्यावरून मिश्रण कळतं. म्हणून १० पासून १८ पर्यंत कुठेही आकडा मिळतो.

उद्यमनगरकर
असहमत. थिअरी बरोबर आहे हो, पण गाडी थिअरीवर पळत नाही.

रस्त्यावरची बुलेट बहुतेक वेळ पाव थ्रॉटलला असते. तिथे ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये (सेन्सरचं ऐकून) स्वतःच दुरुस्ती करतो. उरलं फुल थ्रॉटल. तिथे थोडं रिच ठेवा, दमात चढ ओढवा, इंजिन बंद करून प्लग काढा. कॉफी कलर दिसला की झालं. आमच्या कोल्हापुरात प्लग बघून ट्यून केलेल्या गाड्या रेसला पळाल्यात.

आणि वाइडबँड खोटं बोलतो, तेही दशांश चिन्हासकट! बेंड पाइपचं (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट फुंकत असेल, एखादा ठोका मिस होत असेल, तरी जळला नाही तो ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि मीटर लीन म्हणतो. सिंगल सिलिंडरला आखूड सायलेन्सर असेल तर आयडलला मागूनच हवा आत ओढली जाते. पोरं १५.५ बघून पेट्रोल वाढवत बसतात, आणि प्लग काळा कुळकुळीत.

लॅम्डाराव
गॅस्केट फुंकलं तर नॅरोबँडही तसाच फसतो की. उलट जास्त घात, कारण ईसीयू त्यावर विश्वास ठेवून गुपचूप पेट्रोल वाढवतो. मीटरवर निदान दिसतं तरी.

प्लगचा रंग म्हणाल, तर आजच्या पेट्रोलवर तो वाचायला पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही.

वीसटक्के
पेट्रोलवरून आठवलं. इथे सगळे १४.७चा जप करताहेत, पण पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याचं आदर्श प्रमाण साडेतेराच्या आसपास. सेन्सर दोन्ही प्रकारचे लॅम्डाच ओळखतात. मीटर फक्त त्याला १४.७ने गुणून दाखवतं. म्हणून डिस्प्ले लॅम्डावर टाका आणि फुल थ्रॉटलला ०.८६-०.८८ धरा, इंधन कुठलंही असो.

आता हायवेकरांचा मुद्दा. साध्या पेट्रोलच्या तुलनेत ई२०ला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. पाव थ्रॉटलला क्लोज्ड लूप ते भरून काढतो. फुल थ्रॉटलला ओपन लूप. तिथे सेन्सरचं कुणी ऐकत नाही, जुना मॅपच चालतो. वर फ्री-फ्लो आणि मोकळा फिल्टर. घाटात तापतं ते लीन असल्यामुळे, असा माझा दाट संशय. आणि नेमकं तिथेच नॅरोबँड आंधळा.

आरएक्सप्रेमी
आरएक्स १००ला चालेल का हो वाइडबँड?

उद्यमनगरकर
नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टमधून निसटतं, म्हणून आकडा कायम लीन. वर ऑइल सेन्सरचा जीव घेतं. तिथे प्लगच देव.

वीसटक्केंचा ई२०चा मुद्दा मात्र मान्य, तेवढ्यापुरता मी मागे येतो. तरी किट *विकत* घेऊ नका. बंग (सेन्सर बसवायची आट्यांची बैठक) वेल्ड करा, कुणाचा तरी वाइडबँड एक दिवस लावा, मॅप करा, काढा, बंगला बोल्ट मारा. कायम ठेवायचा सेन्सर नव्हे तो. हीटर बंद ठेवून गाडी चालवली तर काजळी धरतो, आणि पेटवला तर आतलं सिरॅमिक ७००-८०० अंशांवर असतं; पाइपातल्या पाण्याचा थेंब पडला की तडा. म्हणून बंग पाइपाच्या वरच्या अंगाला, सेन्सरचं टोक खाली झुकलेलं. आडव्यापासून निदान १० अंश.

लॅम्डाराव
एक दिवसाचं पटलं. हे आधी बोलला असतात तर एवढं टायपिंग वाचलं असतं. तरी पावसाळ्यात आणि मे महिन्यात आकडे वेगळे येतात, हे नोंदवून ठेवतो.

हायवेकर
अपडेट. उद्यमनगरकरांच्या बोलण्यावरून आज बेंड पाइप उघडला. गॅस्केट एका बाजूने काळंठिक्कर. नवीन टाकलं, निम्मे फटाके तिथेच थांबले. घाटातलं तापणं मात्र तसंच आहे, म्हणजे तिथे वीसटक्के बरोबर असावेत. "चैन" हा शब्द मागे घेतो, "विकत" हा घेत नाही. पुण्यात कुणाकडे किट आहे का? पेट्रोल आणि मिसळ माझ्याकडून.

लॅम्डाराव
माझ्याकडे आहे. रविवारी दिवेघाट. बंग आधी वेल्ड करून आणा, गरम बेंड पाइपशी झटापट मी करणार नाही. आणि नवीन प्लगही आणा, उद्यमनगरकरांना फोटो पाठवू.