ईसीजीच्या तारांवरून मॉनिटर श्वास कसा मोजतो?

प्रश्न:
माझी आई न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल आहे. छातीला ईसीजीचे तीन इलेक्ट्रोड आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा एवढेच लावलेले असताना मॉनिटरवर श्वासांचा वेगही दिसतो. काल तो ३४ दाखवत होता. सिस्टरांनी छातीकडे पाहून मोजले, तेव्हा २२ भरले. नाकाशी काहीच लावलेले नसताना हा आकडा येतो कुठून, आणि त्यावर कितपत विसंबावे?

प्रतिसाद १ (बायोमेडिकल अभियंता):
हा आकडा विद्युत अवरोधावरून, म्हणजे इम्पिडन्सवरून काढलेला असतो. ईसीजीच्याच दोन इलेक्ट्रोडमधून मॉनिटर अत्यंत क्षीण असा उच्च वारंवारतेचा प्रवाह छातीतून सोडतो. तो रुग्णाला जाणवतही नाही. रक्तातून व स्नायूंतून वीज सहज वाहते, हवेतून वाहत नाही. त्यामुळे श्वास घेतला की अवरोध वाढतो आणि सोडला की उतरतो. अडचण अशी की, मूळ अवरोध शेकडो ओहमचा आणि श्वासागणिक होणारा फरक जेमतेम एखाद्या ओहमचा. रुग्णाने कूस बदलली, हात हलवला किंवा इलेक्ट्रोडखालचे जेल सुकले, तर त्याहून मोठी उलथापालथ होते आणि यंत्र तिलाही श्वास समजते. हृदयाच्या ठोक्यांचाही असाच घोळ होतो. म्हणून श्वासांचा आकडा नाडीच्या आकड्याशी जुळू लागला, तर खुशाल संशय घ्यावा.

प्रतिसाद २ (अतिदक्षता विभागातील डॉक्टर):
माझ्या मते याच्या उलट होणारी चूक अधिक धोक्याची आहे. घशातील वाट बंद झाली तरी रुग्णाची छाती आणि पोट धडपडत हलतच राहतात. हवा आत जात नसते, पण मॉनिटर श्वास मोजत असतो. आकड्यासोबतची लहर नीट आहे का ते पाहावे आणि शंका आली की पूर्ण एक मिनिट मोजावे. पोटाने श्वास घेणाऱ्या रुग्णांत मॉनिटरवर लीड दोन (उजव्या खांद्याजवळचा आणि डावीकडे खाली लावलेला इलेक्ट्रोड अशी जोडी) निवडल्यास लहर बहुधा सुधारते. तुमच्या बाबतीत मी सिस्टरांचे २२ धरेन.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. याच तत्त्वावर फुप्फुसाचे चित्रही काढता येते का?

प्रतिसाद १:
येते. छातीभोवती १६ किंवा ३२ इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून, आळीपाळीने प्रवाह सोडून, श्वासागणिक हवा कोणत्या भागात पोहोचते ते खाटेजवळच पाहता येते. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे बार्बर आणि ब्राउन यांनी १९८० च्या दशकात या तंत्राचा पाया घातला. चित्र सीटी स्कॅनच्या तुलनेत फारच ढोबळ असते; मात्र किरणोत्सर्ग नसल्याने ते तासन्‌तास चालू ठेवता येते, आणि व्हेंटिलेटरचा दाब बदलल्यावर फुप्फुसाचा मागचा भाग उघडला की नाही, हे तिथल्या तिथे कळते.