जुना लेझर प्रिंटर: कागद सारखा अडकतो, फ्युजर बदलण्याआधी काय तपासू?

कागदपत्र:
ऑफिसात एक जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे. छपाई अजून सुरेख येते, त्यामुळे तो काढून टाकायला मन होत नाही. पण हल्ली कधी कागद उचललाच जात नाही, नुसती खरखर ऐकू येते. कधी दोन-तीन कागद एकदम ओढले जातात. बाहेर पडताना चुण्या पडून अडकतो तेही आहेच. आणि आता नवीनच: आत कागदाचा मागमूस नाही, तरी जॅमचा दिवा जात नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, फ्युजर (शाईची भुकटी तापवून कागदावर पक्की चिकटवणारा भाग) बदला. बदलू का?

पान्हा:
थांबा, एवढ्यात नको. तुम्ही एका दमात चार तक्रारी सांगितल्यात आणि त्यांची मुळं वेगवेगळी आहेत. कागद कुठे अडला, त्यावरून दोष शोधायचा.

ट्रेपाशीच अडत असेल तर फ्युजरचा काही संबंध नाही, कागद तिथवर पोचलेलाच नसतो. पिकअप रोलर, म्हणजे ट्रेतून कागद उचलणारं रबरी चाक, बघा. रबर चकचकीत, गुळगुळीत झालं असेल तर पकड गेली. धागे न सुटणारं फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर फिरवत पुसा. दोन-तीन कागद एकदम येतात तो दोष बहुधा सेपरेशन पॅडचा. रोलरला टेकलेली ती छोटी पट्टी वरचा एकच कागद पुढे जाऊ देते आणि खालचे अडवून धरते. ती झिजली की गठ्ठा सरकतो. रोलर आणि पॅड जोडीनेच बदला; नव्या रोलरखाली झिजलेली पट्टी ठेवून उपयोग नाही.

रिकाम्या प्रिंटरचा दिवा म्हणजे सेन्सर. कागदाच्या वाटेत प्लॅस्टिकच्या बारीक काड्या असतात. कागद आला की काडी कलते, गेला की स्प्रिंगने परत येते. फाटलेल्या कागदाचा नखाएवढा कपटा तिथे राहिला, तरी यंत्राला वाटतं कागद आतच आहे. प्रिंटर बंद करून प्लग काढा, टोनरचं (शाईच्या भुकटीचं) कार्ट्रिज बाहेर घ्या आणि टॉर्च लावून शोधा. प्रत्येक काडी बोटाने हलवून आपोआप परत येते का तेही बघा.

निळीशाई:
कार्ट्रिज बाहेर काढलात की त्यावर जाड कापड टाका, उजेडाने त्यातला ड्रम (छपाईचा ठसा उमटवणारा दंडगोल) खराब होतो. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो जात होता त्याच दिशेने, सावकाश ओढा. एका कोपऱ्याला धरून हिसका दिला की फाटतो, आणि असेच कपटे आत राहतात. टोनर हाताला लागला तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो चिकटतो. सांडलेल्या टोनरवर घरचा व्हॅक्युम क्लीनर चालवू नका, ती भुकटी फिल्टरमधून आरपार जाते.

कागदपत्र:
दोघांचेही आभार! मागच्या दाराजवळच्या काडीखाली खरंच कपटा होता. काढल्याबरोबर दिवा गेला. रोलर पुसल्यावर कागद उचलला जातोय, पण जोडीने येणं चालूच आहे, म्हणजे पॅड बदलावं लागणार. चुण्यांचं काय करू?

पान्हा:
आधी कागदावर संशय घ्या. रीम उघडी राहिली की कागद हवेतली ओल धरतो. फ्युजरमध्ये २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं, तिथे ती ओल झटक्यात उडते आणि कागद आक्रसतो, वळतो. नवी, सीलबंद ७५ किंवा ८० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) रीम फोडून तेवढ्यावर छापून बघा. ट्रेमधले मार्गदर्शक, म्हणजे कडेच्या सरकत्या पट्ट्या, कागदाला नुसते टेकलेले हवेत. सैल असले तर कागद तिरका आत जातो आणि चुण्या पडतात.

नव्या रीमच्या कागदालाही चुण्या पडल्या तर मग फ्युजर. अक्षरं बोटाने पुसली जात असतील, किंवा ठरावीक अंतरावर तोच डाग परत परत उमटत असेल, तर संशय आणखी पक्का. फ्युजर उघडण्याआधी प्रिंटर बंद करून चांगला अर्धा तास निवू द्या. त्यातला रबरी रोलर फाटलाय का, कडेला कागद चिकटलाय का, एवढंच बघा. टोकदार काही लावून खरवडू नका, वरची पातळ फिल्म एकदा चिरली की फ्युजर खरोखरच बदलावा लागेल.

नव्या रीमवर काय होतं ते इथे कळवा. तोवर फ्युजरची ऑर्डर देऊ नका.